आरंभशूरांना व्यायामाची गोडी लावायची रीत

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शिवाजी पार्कचा कट्टा आणि तळजाईची वाट माणसांनी फुललेली असते. नवे बूट, नवी घड्याळं, नवे निश्चय. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत गर्दी ओसरायला लागते आणि रथसप्तमीला नेहमीचे तेवढे उरतात. गळालेल्यांना आपण आरंभशूर म्हणतो, आळशी म्हणतो. खरं तर त्यातले बरेचजण आळसामुळे नाही, अति केल्यामुळे गळतात. पहिल्या चार दिवसांत त्यांनी स्वतःला इतकी धाप लावून घेतलेली असते, की पाचव्या दिवशी गजर वाजला की अंगच नको म्हणतं. मग मन कारणं शोधतं, आणि कारणांना काय तोटा!

हा लेख वजन उतरवण्याचा नाही, मॅरेथॉनचाही नाही. ज्यांना व्यायाम म्हणजे शिक्षा वाटते त्यांना तो सहा महिन्यांत हवासा कसा वाटू लागेल, एवढंच इथे आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: गोडी लागते की नाही हे निग्रहापेक्षा जोर किती लावला यावर ठरतं. सुरुवातीचे काही आठवडे व्यायाम जाणूनबुजून कमी करायचा असतो आणि बहुतेकांना नेमकं हेच जमत नाही.

## नावड येते कुठून

चालण्याचा वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर श्वास जड होतो. तोवर शरीर लागणारी ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने निवांत तयार करत असतं. त्यापुढे रक्तात लॅक्टेट (जोराच्या कामात स्नायूंत तयार होणारं द्रव्य) साचू लागतं, श्वास भराभर चालतो, बोलणं तुटतं. पँटेलिमॉन एक्केकाकिस हे व्यायाम-मानसशास्त्राचे अभ्यासक वर्षानुवर्षं याच टप्प्याचा अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या कामाचं सार असं: टप्प्याच्या खाली राहिलं तर बहुतेकांना बरं वाटतं, टप्प्याच्या आसपास माणसागणिक फरक पडतो आणि बरंच वर गेलं की जवळपास सगळ्यांनाच नकोसं होतं.

गोम अशी, की बैठं काम करणाऱ्याचा हा टप्पा फार खाली असतो. रोज धावणाऱ्या मित्राला जी रमतगमत चाल वाटते, ती तुमच्या टप्प्याच्या कितीतरी वर असू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी त्याच्याबरोबर पर्वती चढायला जाऊ नये. पायऱ्या शंभरच्या घरातल्या असल्या तरी नवख्याला त्या पुरतात, आणि वर पोचल्यावर देवदर्शनाऐवजी कठडा शोधावा लागतो.

आपला टप्पा ओळखायला यंत्र लागत नाही, बाराचा पाढा पुरतो. चालता चालता तो मोठ्याने म्हणा. ‘बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस’ एका श्वासात सहज निघालं आणि पुढचं म्हणायलाही घाई करावी लागली नाही, तर वेग योग्य आहे. पाढ्याच्या दर ओळीनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तुम्ही टप्प्यावर आहात, थोडं हळू व्हा. पाढाच नको वाटला तर फारच वर गेलात. उलट पाढा म्हणून झाल्यावर गाणंही म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही. मनगटावरच्या घड्याळातले ठोके यापेक्षा अचूक असतील असं वाटतं, पण कमाल ठोक्यांचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र सरासरीचं आहे. एखाद्या माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. पहिले तीन महिने पाढ्यावर विसंबा.

## आधीची तयारी

छातीत दुखणं, जिना चढताना अवाजवी धाप, चक्कर, धडधड यातलं काही होत असेल, किंवा हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखर झपकन खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालायला निघू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. बाकीच्यांना सकाळी रिकाम्या पोटी अर्धा-पाऊण तास चालायला सहसा काही होत नाही. एक केळं किंवा दोन खजूर खाल्ले तरी चालतात.

बूट संध्याकाळी विकत घ्या. दिवसभरात पाय थोडे फुगतात, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. जे मोजे घालणार तेच घालून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि टाच मागे सरकता कामा नये. दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारा. ‘वापरून सैल होईल’ असं दुकानदार म्हणाला तर तो बूट घेऊ नका. फार महागाचा लागत नाही. महाग बूट घेतला की तो वसूल करायच्या नादात लोक पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर धावतात. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर झाले की तळ दबतो, मग बदलायचा. स्त्रियांसाठी धावताना किंवा उड्यांच्या व्यायामात नीट आधार देणारी स्पोर्ट्‌स ब्रा बुटाइतकीच गरजेची आहे. त्याअभावी होणारा त्रास व्यायामाच्या नावावर जमा होतो.

रस्ता घरापासून सुरू होणारा निवडा. कोल्हापुरात रंकाळा आणि नागपुरात अंबाझरी कितीही सुंदर असले तरी तिथे जायला गाडी काढावी लागत असेल, तर दहा मिनिटांच्या चालण्याला चाळीस मिनिटं लागतात. ती चैन रविवारी करावी. रोजची वाट उजेडाची, शक्यतो सपाट, फार रहदारी नसलेली आणि कुत्र्यांच्या टोळक्यापासून दूर असावी. कुत्री मागे लागलीच तर पळू नये. थांबून, त्यांच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरावं.

वेळ कोणती? ‘सकाळीच’ हा आग्रह सोडा. सकाळचा फायदा एवढाच, की दिवसभराची कामं अजून आडवी आलेली नसतात. रात्रपाळी करणाऱ्याने किंवा साडेसहाला डबे भरणाऱ्या बाईने पहाटे साडेचारला उठून केलेला व्यायाम झोपेच्या जिवावर होतो, आणि झोप मोडलेल्या माणसाला कशाचीच गोडी लागत नाही. घड्याळातल्या वेळेपेक्षा रोज होणाऱ्या एखाद्या कामाला व्यायाम बांधावा. मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवलं की तिथूनच चालायला लागायचं. दुपारचा चहा झाला की बूट. ऑफिसातून येताना एक थांबा आधी उतरायचं. खुंटी पक्की हवी. ‘वेळ मिळाला की’ ही खुंटी नव्हे.

## पहिले दोन आठवडे: दहा मिनिटं

पाच मिनिटं जायचं, वळायचं, पाच मिनिटांत परत. आठवड्यातून पाच दिवस. अंतर मोजायचं नाही, वेग मोजायचा नाही, पाढ्याच्या कसोटीत राहायचं. तिसऱ्या दिवशी वाटेल, एवढ्याने काय होणार, आज अर्धा तास जाऊ. जाऊ नका. ‘अजून चाललं असतं’ असं वाटत घरी परतणं हाच या दोन आठवड्यांचा व्यायाम आहे. पोटभर जेवून उठलेल्याला पुढच्या जेवणाची आठवण येत नाही. दोन घास कमी खाल्लेल्याला येते.

या काळात तीन गोष्टी बसवायच्या. बूट-मोजे दाराशी एकाच जागी. कपडे आदल्या रात्री काढून ठेवलेले. आणि परतल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला एक टिंब. अ‍ॅप नको, टिंबच बरं. ते घरातल्या सगळ्यांना दिसतं.

सवय २१ दिवसांत लागते असं जे सांगतात त्याला आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात नवी सवय आपोआप होऊ लागायला निघालेला मध्यक, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त असा मधला आकडा, ६६ दिवसांचा होता. माणसागणिक तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, आणि खाण्यापिण्याच्या साध्या सवयींपेक्षा व्यायामाच्या सवयीला जास्त वेळ लागला. त्याच अभ्यासात मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही दोष नाही, आणि एक टिंब राहिलं म्हणून कॅलेंडर फाडायचं कारण नाही.

## तिसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत

दर आठवड्याला चार-पाच मिनिटं वाढवा. आठव्या आठवड्याला तुम्ही ३५ मिनिटांच्या आसपास असाल. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम अशी आहे. पाच दिवस ३५ मिनिटं म्हणजे १७५, काम झालं. रोजच्या दहा हजार पावलांचा धाक बाळगू नका. तो आकडा वैद्यकातून आलेला नाही, १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. मानपो म्हणजे दहा हजार पावलं.

वाढवताना एक अडचण हमखास येते: पहिली पाच-दहा मिनिटं वाईट लागतात. पाय जड, श्वास बेताल, मन घराकडे. शांत बसलेल्या शरीराला स्नायूंपर्यंत पुरेसा प्राणवायू पोचवायला दोन-तीन मिनिटं लागतात, न सरावलेल्याला आणखी, आणि तोवर उधारीवर काम चालतं. मॅथ्यू रूबी आणि एलिझाबेथ डन यांनी २०११ मध्ये दाखवलं, की व्यायाम किती आवडेल याचा अंदाज लोक कमी करतात, कारण डोळ्यांसमोर ही नकोशी सुरुवातच जास्त येते. प्रत्यक्ष केल्यावर तो अपेक्षेपेक्षा बरा गेलेला असतो. उपाय सोपा आहे. पहिली पाच मिनिटं मुद्दाम रेंगाळत चाला, देवळात निघाल्यासारखी. आणि स्वतःशी करार करा: दहा मिनिटांनंतरही नको वाटलं तर परत फिरायचं, अपराधी न वाटता. बहुतेक दिवशी परत फिरावं लागत नाही. ज्या दिवशी फिरावंसं वाटेल त्या दिवशी खरंच फिरा, नाहीतर करार खोटा ठरतो आणि पुढच्या वेळी मन त्यावर विश्वास ठेवत नाही.

वाईट दिवसाची मात्राही आताच ठरवून ठेवा. पाहुणे आले, पोट बिघडलं, ऑफिसात उशीर झाला, तर जेवणानंतर शतपावली, पाच मिनिटं. तेवढ्यालाही टिंब.

सोबत मिळाली तर उत्तम, पण सोबत्याचा वेग तुमच्यापेक्षा जास्त असेल तर ती सोबत नव्हे, शर्यत. चालून झाल्यावर कट्ट्यावर दहा मिनिटं बसणारी मंडळी सापडली तर त्यांना धरून ठेवा. शेजारच्या टपरीवरचा चहा हा या कार्यक्रमाचा भागच समजावा. त्या चहासाठी उठणारे पुष्कळ आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकट्याने चालणाऱ्यांनी एखादी आवडती गोष्ट फक्त चालण्यासाठी राखून ठेवावी. कथेचं श्राव्य पुस्तक, नाट्यसंगीत, एखादी मुलाखतमाला, जे काही असेल ते घरात ऐकायचं नाही. अमेरिकेत कॅथरीन मिल्कमन यांनी व्यायामशाळेपुरतीच श्राव्य कादंबरी देऊन हा प्रयोग केला. लोक सुरुवातीला जास्त वेळा आले, पण मोठ्या सुट्टीनंतर परिणाम ओसरला. म्हणजे युक्ती कामाची आहे, पण अधूनमधून नवी कथा लागते. रस्त्यावर एक कान मोकळा ठेवावा.

## शेवटची पाच मिनिटं

हा भाग छोटा आहे, पण सोडू नका. व्यायाम कसा झाला हे मन सरासरी काढून ठरवत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट या दोन गोष्टी त्याच्या जास्त लक्षात राहतात. झॅकरी झेंको, एक्केकाकिस आणि डॅन एरिएली यांनी २०१६ मध्ये लोकांना सायकल चालवायला लावली: काहींना हलक्याकडून जडाकडे, काहींना तेवढंच काम जडाकडून हलक्याकडे. उतरत्या क्रमाने केलेल्यांना ते जास्त सुखाचं गेलं आणि पुढच्या वेळीही सुखाचं जाईल असं वाटलं. आपल्याकडे मात्र ‘शेवटची फेरी जोरात!’ असं ओरडायची पद्धत आहे. ती शर्यतीच्या तयारीला ठीक. चढ असला तर तो वाटेच्या पहिल्या निम्म्यात घ्या, उतार आणि सावली परतीला ठेवा. शेवटची पाच मिनिटं सर्वांत सोपी. घरी आल्यावर दोन मिनिटं पायरीवर बसा, पाणी प्या, मग मोबाइल.

## नवव्या आठवड्यापासून: आपला प्रकार शोधणं

चालणं आवडायला लागलं असेल तर तेच चालू ठेवा. धावणं ही काही बढती नाही. पण तब्येतीसाठी आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम मात्र घ्यायला हवा, आणि तो घरीच पंधरा-वीस मिनिटांत होतो.

खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, ८ ते १०. ओट्याला हात टेकून तिरके जोर, ८. उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, १०. पाठीवरच्या पिशवीत तीन-चार किलो तांदूळ भरून, एका हाताने टेबलाला आधार घेत दुसऱ्या हाताने ती कमरेपर्यंत ओढणं, दोन्ही बाजूंनी ८-८. कोपरांवर आणि पावलांवर सरळ फळीसारखं राहणं, १५ ते २० सेकंद. पहिले दोन आठवडे हे सगळं एकदाच. नंतर मध्ये मिनिटभर दम खाऊन दोनदा. प्रत्येक प्रकार ‘अजून दोन-तीन झाले असते’ इथे थांबवायचा. लागोपाठ दोन वेळा १२ सहज झाले की अवघड करा: जोर ओट्यावरून पलंगाच्या काठावर, मग जमिनीवर, उठबस आधी खुर्चीशिवाय, मग पाठीवर पिशवी घेऊन.

तालमीतल्या जोर-बैठकांचं नाव काढलं की अनेकांना पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायची हौस येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग असं आंबतं, की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. एवढ्यावर निभावलं तर ठीक. स्नायू असह्य दुखून सुजले आणि लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडाला त्रास देत असण्याची शक्यता असते. तेव्हा घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा.

सूर्यनमस्कार ज्यांना शाळेत शिक्षा म्हणून घालावे लागले त्यांना ते पुन्हा आवडायला वेळ लागतो. तरी घरातल्या घरात, दीड सतरंजी जागेत होणारा याहून सोयीचा व्यायाम सापडणं कठीण. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा ध्यास घेतला आणि तो शाळाशाळांत नेला. चारपासून सुरुवात करा, आठवड्याला दोन वाढवा, बारावर महिनाभर थांबा. इथेही पाढ्याची कसोटी लागू: दर नमस्कारानंतर एक-दोन श्वास उभं राहा. मनगट दुखत असेल तर बोटं पसरून तळव्याच्या पुढच्या भागावर जास्त भार घ्या, किंवा मुठी टेका. कंबर दुखत असेल तर छाती कमी उचला आणि पुढे वाकताना गुडघे थोडे दुमडा. रथसप्तमीला १०८ घालायचा बेत असेल तर त्याआधी दोन-अडीच महिने चढत जावं लागतं.

धावायचंच असेल तर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं चालणं, मधल्या भागात:

१. पहिले दोन आठवडे: ३० सेकंद धावणं, ९० सेकंद चालणं, ८ वेळा.
२. तिसरा-चौथा: १ मिनिट धावणं, ९० सेकंद चालणं, ८ वेळा.
३. पाचवा-सहावा: २ मिनिटं आणि ९० सेकंद, ६ वेळा.
४. सातवा-आठवा: ३ मिनिटं आणि १ मिनिट, ६ वेळा.
५. नववा-दहावा: ५ मिनिटं आणि १ मिनिट, ४ वेळा.

एखादी पायरी जड गेली तर तीच आणखी आठवडाभर करा, मागेही या. वेग इतका कमी ठेवा की भरभर चालणारे आजोबा तुम्हाला मागे टाकतील. टाकू द्या. पावलं छोटी, पाऊल कमरेच्या खाली पडायला हवं, लांब पुढे नाही. धावताना येणाऱ्या ज्या तंद्रीबद्दल लोक बोलतात तिची वाट बघत बसू नका. ती एंडॉर्फिन या शरीरातल्याच वेदनाशामक द्रव्यामुळे येते असं म्हटलं जाई, पण जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये एंडॉर्फिनची वाट औषधाने अडवूनही धावणाऱ्यांना ती आली, त्यामुळे आता रोख शरीरातल्या एंडोकॅनाबिनॉइड द्रव्यांकडे आहे. काहीही असो, ती रोज येत नाही आणि बऱ्याच जणांना कधीच येत नाही. रोज भेटणारं सुख साधं असतं: डोकं मोकळं होणं, भूक लागणं, रात्री पडल्या पडल्या झोप.

आणि यातलं काहीच मानवलं नाही तर? बॅडमिंटन, पोहणं, सायकल, नाच, ढोलपथकाचा सराव, बागेत कुदळ मारणं. प्रत्येकाला कमीत कमी सहा वेळा संधी द्या, कारण पहिल्या तीन वेळा आपण फक्त अनाडी असतो. बॅडमिंटनसारख्या खेळात भान राहत नाही, हीच त्याची गंमत आणि हाच धोका: चाळिशीनंतर एकदम कोर्टावर उतरणाऱ्यांची पोटरी आणि टाचेमागची शीर दुखावते. आधी महिनाभर टाचा उचलण्याचा व्यायाम करा, पायरीच्या कडेवर उभं राहून, १० ते १२, दोनदा.

## दुखलं तर

नवा व्यायाम केल्यावर २४ ते ७२ तासांत दोन्ही बाजूंचे स्नायू सारखे दुखतात, हालचालीने मोकळे होतात: हे अंग आंबणं, काळजी नको, हलकं चाला. एकाच बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, करता करता वाढत जाणारं दुखणं वेगळं. नडगीच्या आतल्या कडेला दुखलं तर सहसा धावणं एकदम वाढलेलं असतं. दोन आठवडे चालण्यावर या, मग एक पायरी खालून सुरू करा. टेकडी उतरताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखलं तर उतरताना पावलं छोटी करा, काही दिवस उतार टाळा, खुर्चीची उठबस चालू ठेवा. सकाळी पहिलं पाऊल टेकताच टाच ठणकत असेल तर घरातल्या गार फरशीवर अनवाणी वावरणं थांबवा आणि पोटऱ्या ताणा. आराम करतानाही दुखणं, सूज, लंगडणं असेल तर तज्ज्ञाला दाखवा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक घाम: तिथेच थांबा, मदत मागा, १०८ ला फोन करा.

## ऊन आणि पाऊस

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सातच्या आत घरी यावं. कोकणात आणि मुंबईत ऊन कमी असलं तरी दमट हवेत घाम वाळत नाही, अंग गार होत नाही आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. म्हणून डिसेंबरचा वेग मेमध्ये धरून चालू नये, पाढा सांगेल तेवढंच. तासाभराच्या आतल्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. उन्हात जास्त वेळ झाला तर मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक.

सवय मोडायची तर ती बहुधा जूनमध्ये मोडते. म्हणून मे संपायच्या आत पावसाळी वेळापत्रक लिहून ठेवा: पाऊस असेल त्या दिवशी बारा सूर्यनमस्कार आणि ताकदीचा एक फेरा, उघडीप असेल तर चालणं. सोसायटीचा जिना चालतो, पण चढताना चालून आणि उतरताना कठड्याला हात लावून. शेवाळलेल्या फरशा आणि चिऱ्याच्या पायऱ्या टाळा. भिजलेल्या बुटातली आतली गादी काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. शेगडीपाशी वाळवले तर गोंद सुटतो.

## वजनकाटा आणि घड्याळ

गोडी घालवणाऱ्या वस्तूंमध्ये वजनकाट्याचा नंबर पहिला. सत्तर किलोच्या माणसाचे अर्ध्या तासाच्या चालण्यात सुमारे १२० ते १५० कॅलरी जातात. एका वडापावात याच्या दुपटीच्या आसपास येतात. त्यामुळे नुसत्या चालण्याने महिन्याभरात काटा हलला नाही तर ते गणिताला धरूनच आहे. व्यायामाची फी काट्याकडून वसूल करू नका. दुसऱ्या खुणा बघा: तिसऱ्या मजल्यावर पोचून लगेच बोलता येतं का, गॅस सिलिंडर हलवताना कुथावं लागतं का, दुपारी तीनची पेंग कमी झाली का. या खुणा सहा ते आठ आठवड्यांत दिसू लागतात.

घड्याळातला वेग पहिले तीन महिने पडद्यावरून काढून टाका, फक्त वेळ ठेवा. आपले आकडे जगाला दाखवणारी अ‍ॅप्स तर सहा महिन्यांनीच. काहींना आकड्यांनी हुरूप येतो, मान्य. पण ज्यांना मुळात गोडी नाही त्यांच्या हातात आकडे पडले, की कालच्यापेक्षा आज कमी भरल्याचं दुःख तेवढं पदरी पडतं.

## खंड पडल्यावर

गणपतीत दहा दिवस, दिवाळीत आठवडा, मग डेंग्यू किंवा घरचं लग्न. खंड पडणारच. आठवड्याच्या आत परतलात तर होता तिथूनच सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले तर निम्म्या वेळेवर या आणि दोन आठवड्यांत पूर्वपदावर चढा. महिन्याहून जास्त गेला असेल तर चौथ्या आठवड्याची मात्रा धरा. तापानंतर ताप उतरून, भूक परतून दोन-तीन दिवस होईपर्यंत थांबा, मग दहा मिनिटं. गेलेले दिवस भरून काढायला दुप्पट करू नये. जानेवारीतले आरंभशूर पुन्हा मार्चमध्ये गळतात ते याच हिशेबाने.

सहा महिन्यांच्या आसपास एखाद्या दिवशी व्यायाम चुकला की चुकचुकल्यासारखं होतं, अंग आखडल्यासारखं वाटतं, संध्याकाळी उगाच चिडचिड होते. तेव्हा आणि तेव्हाच आठवड्यातला एक दिवस जोराचा करायला हरकत नाही: टेकडीचा चढ, पाढा तुटेल असा, दोन-दोन मिनिटांचा, चार वेळा, मध्ये पूर्ण दम खाऊन. बाकीचे दिवस होते तसेच. आणि त्या जोराच्या दिवशीही परतीची वाट उताराची ठेवायची.